समुद्राची सुरुवात आपल्या गटारापासून होते

वस्त्यांमध्ये कायदेविषयक शिबिरे घेताना पर्यावरणाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "वकीलसाहेब, आमच्या गल्लीत नळाला पाणी नाही, गटार तुंबलेलं आहे, संडासाला सकाळी रांग लागते. आणि तुम्ही समुद्रातल्या कासवांचं काय घेऊन बसलात?" प्रश्न विचारणारी बहुधा घरकाम करणारी एखादी ताई असते, नाहीतर रात्रपाळी करून आलेला एखादा सफाई कामगार. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तो अत्यंत रास्त आहे, आणि त्याचे सरळ उत्तर दिल्याशिवाय समुद्राच्या रक्षणाची भाषा आपल्या समाजात रुजणार नाही.

मुळात हा प्रश्न का पडतो? कारण गेली अनेक वर्षे पर्यावरण हा विषय सुखवस्तू वर्गाने आपल्या मालकीचा करून टाकला आहे. रविवारी सकाळी हातमोजे घालून किनाऱ्यावर जायचे, दोन पोती कचरा उचलायचा, छायाचित्र काढायचे आणि घरी परतायचे. सोमवारी त्याच घरातून ओला, सुका, सगळा कचरा एकाच पिशवीत गाठ मारून दाराबाहेर ठेवायचा. किनाऱ्याचे 'सुशोभीकरण' म्हटले की कोळ्यांची मासे वाळवण्याची जागा जाते आणि नदीचे 'पुनरुज्जीवन' म्हटले की काठावरच्या झोपड्यांवर बुलडोझर फिरतो, हाच गरिबांचा अनुभव आहे. त्यामुळे आपला समाज या विषयाकडे पाठ फिरवतो. पण पाठ फिरवल्याने नुकसान कुणाचे होते, याचा विचार केला पाहिजे.

माझे म्हणणे असे की, त्या ताईचे तुंबलेले गटार आणि समुद्रात मरणारे कासव हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. ज्या प्लास्टिकने गल्लीतले गटार तुंबते, तेच प्लास्टिक पावसाळ्यात नाल्यात, नाल्यातून नदीत, नदीतून खाडीत आणि खाडीतून समुद्रात जाते. आजार एकच आहे. एका टोकाला आपण आहोत, दुसऱ्या टोकाला मुके जीव आहेत. आणि मधल्या सगळ्या वाटेवर, गटारात उतरणारा, नाल्यातला गाळ उपसणारा, डम्पिंग ग्राउंडवर कचरा वेचणारा आपलाच माणूस उभा आहे.

'सायन्स' या नियतकालिकात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने असा अंदाज मांडला की, २०१० या एका वर्षात जगातल्या किनारी देशांतून ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात गेले. नंतरच्या काही अभ्यासांनी यापेक्षा कमी आकडे दिले. पण आकडा कोणताही घ्या, समुद्रात गेलेले हे प्लास्टिक नाहीसे होत नाही. उन्हाने आणि लाटांनी त्याचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात आणि ते कण माशांच्या पोटात जातात. कुजणे त्याच्या स्वभावात नाही.

कोणी म्हणेल, आम्ही कुठे किनाऱ्यावर राहतो? आम्ही नागपूरचे, पुण्याचे, मराठवाड्याचे. आमचा समुद्राशी काय संबंध? नकाशा उघडून पाहा. नागपूरची नाग नदी कन्हान नदीला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा यांची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते. पुण्याची मुळा-मुठा भीमेत जाते, भीमा कृष्णेत, कृष्णा पुन्हा बंगालच्या उपसागरात. छत्रपती संभाजीनगरची खाम नदी गोदावरीलाच मिळते. वाटेत धरणे आहेत, बंधारे आहेत, तिथे पुष्कळसा कचरा अडकतो हे खरे. तो अडकतो म्हणजे कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यातच अडकतो. ज्या देशात जवळजवळ प्रत्येक नाला कोणत्या ना कोणत्या समुद्राच्या दिशेने वाहतो, तिथे 'आमचा संबंध नाही' असे म्हणण्याची सोय कुणालाच नाही.

समुद्र हे सर्व परत कसे करतो, ते मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात मोठी भरती आली की दादर चौपाटी, वर्सोवा, मरीन ड्राइव्हवर लाटा कचऱ्याचे ढीग आणून टाकतात. महापालिकेचे कामगार ते उचलतात आणि पुढच्या भरतीला पुन्हा तेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. प्लास्टिकच्या पिशव्यांनी नाले तुंबले होते हे एक कारण होतेच. परंतु दोष मात्र सरसकट मिठीकाठच्या झोपडपट्टीच्या माथी मारण्यात आला. विमानतळाच्या धावपट्टीसाठी मिठीचे पात्र कुणी वळवले? वांद्रे-कुर्ला संकुलासाठी खाडीच्या पाणथळीत भराव कुणी घातला? ते झोपडीत राहणारे नव्हते. शहराचा पूर ओसरल्यावर घर मात्र झोपडीवाल्याचे गेले. म्हणून समुद्राच्या रक्षणाची चर्चा करताना जबाबदारीची वाटणी न्यायाने झाली पाहिजे, हा आपला आग्रह असलाच पाहिजे.

आता या साखळीच्या मधल्या माणसाकडे पाहू. सुशिक्षित घरातून शौचालयात टाकलेले सॅनिटरी नॅपकिन, डायपर, प्लास्टिकच्या पुड्या यांनी मलवाहिनी तुंबते. ती मोकळी करायला माणूस उतरवला जातो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यासाठी आणि सुरक्षा साधनांशिवाय गटारात व सेप्टिक टँकमध्ये उतरवण्यासाठी माणूस नेमण्यास बंदी घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम ३० लाख केली. तरीही माणसे गटारात गुदमरून मरण्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. मरणारे कोणत्या समाजातले असतात, हे या दैनिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. एका जातीने घाण करायची आणि दुसऱ्या जातीने ती पिढ्यानपिढ्या उपसायची, या व्यवस्थेचे शेवटचे टोक म्हणजे हे गटार.

मुंबईत कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांनी कायम नोकरीसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांच्यात मराठवाड्यातून दुष्काळाने आलेले बौद्ध आणि मातंग समाजातले लोक मोठ्या संख्येने होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या या लढ्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या बाजूने निर्णय दिला. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ पासून 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिला दारोदार जाऊन कचरा गोळा करू लागल्या. त्यातल्या बहुसंख्य स्त्रिया दलित समाजातल्या. या बायांनी उकिरड्यातून वेचून भंगारात घातलेली प्रत्येक बाटली ही नदीत आणि समुद्रात न गेलेली बाटली आहे. समुद्राचे रक्षण कोण करते, असे मला कोणी विचारले तर मी पहिले नाव या बायांचे घेईन. त्यांच्या गळ्यात कुणी पदक घातलेले नाही, हा भाग निराळा.

येथे एक उदाहरण नोंदवले पाहिजे. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ साली अफरोज शाह या वकिलाने कचरा उचलायला सुरुवात केली आणि हळूहळू हजारो माणसे त्यात आली. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा सन्मान केला. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. मुद्दा असा की, हे एका रविवारचे काम नव्हते. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे ते चालू राहिले. छायाचित्राची मोहीम आणि सातत्याचे काम यांत हाच फरक आहे.

आता त्या मुक्या जीवांबद्दल. समुद्री कासव फुप्फुसाने श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते पाण्यातच गुदमरून मरते. पाण्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी त्याला जेलीफिश वाटते आणि ते ती गिळते. नायलॉनचे तुटलेले जाळे समुद्रात टाकून दिले की तेही कुजत नाही. कुणी ओढत नसतानाही ते वर्षानुवर्षे मासे, कासवे, डॉल्फिन धरत राहते. मच्छीमाराचे त्यात काडीचे उत्पन्न नाही, उलट त्याचाच उद्याचा मासा मरतो. मुंबईच्या आसपास डोल जाळे लावणाऱ्या कोळ्यांना विचारा. जाळे वर ओढले की बोंबील-जवळ्याबरोबर पिशव्या आणि पुड्या येतात, आणि तो कचरा निवडण्यात कोळणींचा वेळ जातो. म्हणजे इथेही शहराची घाण कष्टकरी बाईच निवडते!

रत्नागिरी जिल्ह्यातला मंडणगड तालुका आपल्याला ठाऊक आहे. बाबासाहेबांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातले. याच तालुक्यात समुद्रकाठी वेळास नावाचे गाव आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या रात्री वाळूत येऊन अंडी घालतात. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्ही-कुत्री खात. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात सुरक्षित पुरायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्रात सोडायची. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक येऊ लागले, गावातल्या घरांमध्ये त्यांची राहण्या-जेवणाची सोय होऊन चार पैसे मिळू लागले. २०२२ च्या जानेवारीत तिथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला समुद्रात सोडले, तिचे नाव 'प्रथमा' ठेवले. अंडी चोरणारे गाव अंडी राखणारे झाले. हा बदल पोलिसांच्या दंडुक्याने झाला नाही. गावाला विश्वासात घेतल्याने आणि पोटाची सोय झाल्याने झाला.

मच्छीमारांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. समुद्री कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, व्हेल शार्कला २००१ साली हे संरक्षण मिळाले. असा जीव जाळ्यात सापडला तर जाळे कापूनच तो सोडवावा लागतो आणि जाळे म्हणजे गरीब मच्छीमाराचे भांडवल. म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने योजना आणली. संरक्षित जीव सोडवताना जाळ्याचे नुकसान झाले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुष्कळ कासवे आणि व्हेल शार्क यामुळे जिवंत परत गेले. गरिबाला त्यागाचा उपदेश करायचा आणि नुकसान त्याच्याच अंगावर टाकायचे, हा न्याय नव्हे. भरपाई देऊन त्याला रक्षणात सहभागी करून घेणे हा न्याय. किनाऱ्यावरच्या आपल्या कार्यकर्त्यांनी ही योजना प्रत्येक बोटीपर्यंत पोचवली पाहिजे.

वेळासच्या जवळच बाणकोटची खाडी आहे. त्या खाडीतून समुद्राला मिळणारी नदी म्हणजे सावित्री, आणि त्या सावित्रीच्या काठी महाड वसलेले आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर विरोधक न्यायालयात गेले आणि दहा वर्षांनी, १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. पाणी कुणा एका जातीच्या मालकीचे नाही, हे महाडने देशाला शिकवले. आज त्याच सावित्रीच्या खोऱ्यात रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. ज्या पाण्यावर आपण हक्क सांगितला, ते पाणी विषारी होऊ न देणे हे त्या हक्काचेच पुढचे पाऊल नाही काय? हक्क मिळवायचा आणि ज्या वस्तूवर हक्क मिळवला ती वस्तूच नासू द्यायची, याला काय अर्थ?

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कमलनाथ प्रकरणात सांगितले की समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा, जंगले ही जनतेची संपत्ती आहे, सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात खारफुटीच्या कत्तलीचा संबंध थेट संविधानाच्या अनुच्छेद २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी जोडला. खारफुटी ही माशांच्या पिल्लांची पाळणाघरे आहेत आणि वादळ-भरतीच्या वेळी किनाऱ्यावरच्या वस्तीची ढालही. आणि अनुच्छेद ५१ क (छ) तर नद्या, सरोवरे, वन्यजीव यांचे रक्षण करणे आणि सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगतो. आपण संविधानाचे वारसदार म्हणवतो. हक्कांची पाने आपल्याला पाठ आहेत, कर्तव्याचे पानही पाठ असले पाहिजे. पंचशीलातले पहिले शील घेताना आपण प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचा शब्द देतो, तो शब्द आपण फेकलेल्या पिशवीलाही लागू आहे.

मग रोजच्या जगण्यात काय करायचे? मोठ्या गोष्टी बाजूला ठेवू. ज्याला पैसे लागत नाहीत किंवा फार थोडे लागतात, तेवढेच सांगतो.

पहिली गोष्ट, कचरा घरातच वेगळा करा. ओला वेगळा, सुका वेगळा, आणि नॅपकिन-डायपर कागदात गुंडाळून खूण करून तिसरा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हे प्रत्येक घराचे कायदेशीर कर्तव्य केले. वेगळा केलेला सुका कचरा कचरावेचक ताईच्या हातात स्वच्छ पडतो, तिला भाव मिळतो, तिचा हात काचेने कापत नाही आणि ते प्लास्टिक नाल्यात जात नाही. माझ्या मते समुद्राच्या रक्षणाची ही सर्वात साधी कृती आहे आणि जातिव्यवस्थेने लादलेल्या घाणकामाविरुद्धचीही ती सर्वात साधी कृती आहे. दोन डबे ठेवायला क्रांती लागत नाही.

दुसरी गोष्ट, गटार आणि शौचालय म्हणजे कचरापेटी नव्हे. त्यात टाकलेली प्रत्येक वस्तू एकतर समुद्रात जाते, नाहीतर कुणाच्या तरी हातात.

तिसरी गोष्ट, कापडी पिशवी आणि पाण्याची स्वतःची बाटली. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे पेले, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ अशा एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली. बाजारात त्या तरीही मिळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. कायद्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून आपण घ्यायच्या, असे थोडेच आहे?

चौथी गोष्ट, विहारांसाठी. प्रत्येक विहार समितीने स्टीलची शंभर-दोनशे ताटे, वाट्या, पेले विकत घ्यावेत. नामकरण, लग्न, पुण्यानुमोदन, जयंती, सगळ्या भोजनांना तीच वापरावीत आणि वस्तीतल्या कुटुंबांना नाममात्र भाड्याने द्यावीत. एका वर्षात पैसे वसूल होतील आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी वस्तीतला नाला पत्रावळ्या-पेल्यांनी भरणार नाही.

पाचवी गोष्ट, मासे खाणाऱ्यांसाठी. मासे खाऊ नका असे मी म्हणणार नाही, गरिबाच्या ताटातले ते स्वस्त आणि कसदार अन्न आहे. पण अंडी न घातलेली पिल्ले विकत घेऊ नका. २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकारमान ठरवून दिले. तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेतले, तर पाच वर्षांनी मोठे पापलेट बघायलाही मिळणार नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ती माशांच्या विणीसाठी. त्या काळात चोरून आणलेल्या माशांना गिऱ्हाईक होऊ नका. शोभेसाठी प्रवाळ किंवा वाळवलेला समुद्रघोडा कोणी विकत असेल तर तो गुन्हा आहे, हे त्याला सांगा.

सहावी गोष्ट, किनाऱ्यावर कासव किंवा डॉल्फिन अडकलेले दिसले तर गर्दी करू नका, त्याच्याबरोबर छायाचित्रे काढू नका, घाईने पाण्यात ढकलू नका. जखमी जीव पुन्हा बुडतो. सावली करा, कुत्र्यांना लांब ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवा.

सातवी गोष्ट, कायदा वापरा. वस्तीतले गटार उघडे असेल, नाल्याची सफाई कागदावरच होत असेल तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली कंत्राटाची प्रत आणि झालेल्या कामाची नोंद मागा. १९८० साली रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की गटारे बांधायला पैसा नाही, ही सबब नगरपालिकेला सांगता येणार नाही. त्या वेळी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ वापरले गेले, आज तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. कारखाना नदीत विष सोडत असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडे जाता येते. त्या २०१० च्या कायद्याच्या कलम १४ खालील अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, नुकसानभरपाईचा कलम १५ खालील अर्ज पाच वर्षांच्या आत. मुदत टळली की न्याय टळतो, म्हणून तारखा लिहून ठेवा.

हे सर्व आपण करायचे, म्हणजे कंपन्यांना आणि सरकारला मोकळे सोडायचे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. एक-दोन रुपयांची शाम्पूची पुडी गरीब माणूस हौसेने घेत नाही. पूर्ण बाटलीचे पैसे त्याच्या खिशात नसतात म्हणून घेतो. त्या पुडीचे थर वेगळे होत नाहीत, म्हणून भंगारवालाही ती घेत नाही. मग ती नाल्यात जाते. तिच्यावर नफा कुणी कमावला? कंपनीने. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर हा कचरा परत गोळा करण्याची जबाबदारी टाकलेली आहे. ती जबाबदारी कागदी दाखल्यांनी पुरी होता कामा नये. ज्या कचरावेचक स्त्रिया हे काम प्रत्यक्ष करतात, त्यांना ओळखपत्र, रास्त मोबदला, आरोग्य विमा या पैशातून मिळाला पाहिजे, ही आपली मागणी असली पाहिजे. आपण आपल्या घरात दोन डबे ठेवले की ही मागणी करताना आपला आवाज अधिक खणखणीत होतो, एवढेच.

शेवटी आपल्याच घरातली गोष्ट. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या समुद्रकिनारी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. तिथे चैत्यभूमी उभी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक देशभरातून स्वखर्चाने येतात, रांगेत तासन्‌तास उभे राहतात, जाताना पिशवीभर पुस्तके घेऊन जातात. जगात असा पुस्तकांचा मेळा दुसरा दाखवा! आणि दरवर्षी काही मंडळींना त्या गर्दीतली शिस्त दिसत नाही, पुस्तके दिसत नाहीत. शिवाजी पार्कवर मागे राहिलेल्या बाटल्या आणि ताटल्या मात्र लगेच दिसतात. त्यांच्या नजरेत जात आहे, हे आपण ओळखून आहोत. इतरांच्या उत्सवातल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती समुद्रात जातात, त्याविरुद्ध आपणही बोलतो आणि ते योग्यच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली होती.

परंतु टीकाकारांची जात ओळखली म्हणून आपला प्रश्न सुटत नाही. प्रश्न असा आहे की ७ डिसेंबरच्या पहाटे शिवाजी पार्क आणि दादर चौपाटी झाडायला कोण येते? खराटा हातात घेऊन येतो तोही बहुधा आपलाच भाऊ, आपलीच बहीण. आदल्या दिवशी त्यांनीही चैत्यभूमीला वंदन केलेले असते. आपण टाकलेली बाटली उचलायला त्यांना वाकावे लागते. आणि जी त्यांच्या हातून सुटते, ती शंभर पावलांवरच्या समुद्रात जाते. बाबासाहेबांनी ज्या माणसाला खराट्यापासून सोडवण्यासाठी आयुष्य वेचले, त्याच माणसापुढे आपण खराट्याचे काम टाकून जातो, याचा विचार प्रत्येक अनुयायाने करावा.

म्हणून एक साधी सूचना करतो. येत्या ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या प्रत्येक जथ्थ्याने स्टीलचा पेला, पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा घरून आणावा. अन्नदान करणाऱ्या मंडळांनी प्लास्टिक आणि थर्माकोल वापरू नये, शक्य तिथे ताटे धुण्याची सोय करावी. महापालिकेकडे पाण्याचे पुरेसे नळ आणि वेगवेगळ्या कचऱ्याच्या पेट्या यांची लेखी मागणी आतापासून करावी, कारण सोय देणे हे तिचे कर्तव्य आहे. प्रत्येक जथ्थ्याने आपला सुका कचरा एका पोत्यात भरून कचरावेचक संघटनेच्या हाती द्यावा. समता सैनिक दलाने आणि विद्यार्थी संघटनांनी याची जबाबदारी वाटून घ्यावी. त्या दिवशी पुस्तके घरी न्यावीत आणि मागे किनाऱ्यावर काही ठेवू नये. हा ठराव आपल्या विहाराच्या पुढच्याच बैठकीत मांडा, इतिवृत्तात नोंदवा आणि कोणी काय करायचे त्यांची नावे त्यापुढे लिहा.

जय भीम!